हलके बाण

जोतीराम लेंगरे फौजेतून हवालदार होऊन परत आला तेव्हा त्याचा उजवा खांदा कामातून गेलेला होता. ऐन उमेदीची वर्षं पलटणीच्या तिरंदाजी संघात धनुष्य ओढण्यात गेली, आणि शेवटी शेवटी हात खांद्याच्या वर गेला की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. मूळ गाव आटपाडीकडं. तिथली जमीन माळाची, भावकीत वाटून उरलेली. म्हणून तो बायकोला, शालूबाईला, घेऊन सांगलीत राहिला आणि गावाबाहेरच्या एका तिरंदाजीच्या मैदानावर सामान सांभाळायच्या नोकरीला लागला.

काम बसून करायचं होतं, हे त्याला बरं वाटलं. बांबूचे कामठे, म्हणजे साधी धनुष्यं, पुसून ठेवायचे, दोऱ्या बदलायच्या, बाणांची मोडकी पिसं काढून नवी चिकटवायची. सगळ्यांत जास्त वेळ जायचा तो बाण तोलण्यात. त्याच्याकडं सोनाराकडं असतो तसला एक छोटा काटा होता. एका खेळाडूच्या भात्यातले सगळे बाण एकाच वजनाचे लागतात. एखादा ग्रॅम-दीड ग्रॅम जड निघाला की लक्ष्यावर तो बाकीच्यांच्या खाली जाऊन बसतो, आणि खेळाडू उगीच आपल्या हाताला दोष देत राहतो. जोतीराम बांबूची काडी काचेच्या तुकड्यानं खरवडायचा, परत काट्यावर ठेवायचा, परत खरवडायचा. दुपार अशी निघून जायची. कुणाशी फार बोलावं लागायचं नाही.

हे वजनाचं शास्त्र त्याला शिकवलं होतं पलटणीतल्या सोमरा नावाच्या एका नायकानं. सोमरा झारखंडचा. त्याच्या आज्यापणज्यांनी जंगलात हरणं मारलेली. मैदानावर तो हलक्या बाणानं खेळायचा, पण गप्पांना बसला की सांगायचा, की लक्ष्याचा बाण वेगळा आणि शिकारीचा वेगळा. हलका बाण जोरात सुटतो, सरळ जातो. पण दोरी मोठ्यानं वाजते, हरीण दचकतं, आणि लागला तरी बाण अर्ध्यातच अडकतो. जड बाण सावकाश जातो, लवकर खाली येतो, त्यामुळं जनावराच्या अगदी जवळ जावं लागतं. पण एकदा लागला की आरपार. जोतीरामनं ते सगळं ऐकून घेतलं होतं. त्याला स्वतःला कधी चिमणीवरही बाण सोडायची वेळ आली नव्हती.

त्याची थोरली बहीण बनुबाई मेढ्याच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत दिलेली. आटपाडीच्या दुष्काळात वाढलेल्या पोरीला वडिलांनी मुद्दाम पाण्याच्या मुलखात दिलं होतं. "माझी बनू तरी घागरीला रांगंत उभी ऱ्हायाची न्हाई," असं ते चारचौघांत सांगायचे. पाणी मिळालं, हे खरं. पण त्याच पाण्यावर, त्याच झाडीत जनावरंही होती. नवरा वारला, मुलगा सयाजी पुण्याला कंपनीत लागला, आणि बनुबाई घरामागच्या चार तुकड्यांत एकटीच गहू, हरभरा, घेवडा करत राहिली. वाडीतली निम्मी घरं बंद. माणसं उठून गेली तशी सांबरं आणि डुकरं खाली उतरली. पूर्वी रात्रीची यायची, आता दिवस मावळायच्या आधीच बांधावर उभी राहायची.

बनुबाईनं शेताच्या कडेला चार खांबांवर माळा बांधला होता. गव्हात दाणा भरायला लागला की ती अंथरूण घेऊन त्या माळ्यावर जायची आणि डबा वाजवत बसायची. दिवसा घरची कामं, रात्री डबा. अंगानं ती उभी आणि हाडाची मजबूत. पण गुडघे गेले होते, आणि डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं आली होती. दोन हंगाम तिनं असे काढले आणि दोन्ही वेळा अर्ध्याच्या वर पीक जनावरांच्या पोटात गेलं. वनखात्याची माणसं येऊन पंचनामा करून गेली, थोडी भरपाईही आली. पण भरपाईनं झोप येत नाही, असं ती म्हणायची.

लहानपणापासून ती गोफण चांगली चालवायची. एकदा रजेवर आलेला असताना जोतीरामनं तिला गंमत म्हणून बांबूचा एक कामठा करून दिला होता. ती हसली होती आणि संध्याकाळपर्यंत गवताच्या पेंडीवर नेम धरत बसली होती. तिचा नेम पाहून तो चाट पडला होता. पुढं कधी कंटाळा आला की ती अंगणात चार बाण मारायची. वाडीतल्या म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, बनुबाईला फौजेत घ्या.

त्या वर्षी पौषात तिचा फोन आला.

"जोती, मला बाण पायजेत."

"हायती की तुज्याकडं."

"ते पेंडीवर मारायचं. मला सांबराला मारायचं पायजेत."

जोतीराम मैदानावरच्या पत्र्याच्या खोलीत बसला होता. बाहेर पोरी सराव करत होत्या. त्यानं उठून दार लोटलं.

"आक्का, सांबर मारलं तर आत जावं लागतंय. माहीत हाय न्हवं?"

"मला काय खायचं न्हाई त्येला. एकाला लागलं की बाकीची येत न्हाईत. सगळी म्हणत्यात."

"कोण सगळी?"

"हायती. तू देतूस का न्हाई तेवडं सांग."

तो नाही म्हणाला नाही. बघतो म्हणाला. मग आठवडाभर फोन उचलायचं टाळलं, आणि उचलला तेव्हा पावसाळ्यात येतो, धनुष्य दुरुस्त करून देतो, असलं काहीतरी बोलला. शेवटी बनुबाईनं फोन करणंच बंद केलं. ते त्याला जास्त लागलं. एका शनिवारी तो सांगलीहून साताऱ्याला आणि तिथून मेढ्याला एसटीनं गेला, आणि वरची गाडी चुकली म्हणून तिथून पुढं पायी वर चढला.

बहीण अंगणात बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. म्हणजे हातात शेंग होती आणि ती बसल्या जागी झोपली होती. तोंड किंचित उघडं. पाटीतल्या शेंगांवर कोंबडी चढली होती. जोतीरामनं कोंबडी हाकलली, तशी ती दचकून जागी झाली आणि पहिल्यांदा म्हणाली, "आली का?"

तिला वाटलं सांबरं आली.

त्यानं शेत पाहिलं. वरचा तुकडा तर कुणी विळ्यानं कापावा तसा सपाट झाला होता. खालच्या गव्हात जागोजाग जनावरं बसल्याच्या खुणा होत्या. बांधावर खुरांचे खोल ठसे. माळ्याच्या खांबाला बांधलेला डबा ठोकून ठोकून चेपला होता.

"डब्याला ऐकत न्हाईत आता," ती म्हणाली. "मी वाजवती, ती खात्यात. गोफणीचा धोंडा पाठीत बसला तर अंग झाडत्यात नुसतं. ह्यो एक हंगाम काडला की सयाजी न्हेतो म्हणलाय पुण्याला. पन हातातलं पीक टाकून कशी जाऊ?"

जोतीरामनं आणलेली पिशवी खाली ठेवली. पिशवीत बाण होते. गाडीत बसेपर्यंत त्याचं ठरलेलं नव्हतं आणि गाडीतही नव्हतं. त्यानं दोन प्रकारचे बाण सोबत घेतले होते. एक होते चिव्याच्या, म्हणजे भरीव बांबूच्या काडीचे, जाड, हाताला दगडासारखे लागणारे, टोकाला अजून काही न बसवलेले. दुसरे मैदानावर वापरून जुने झालेले, पोकळ बांबूचे, टोकाला गोळीसारखी छोटी लोखंडी टोपी असलेले. त्यानं काटाही आणला होता. अंगणातच त्यानं तो मांडला, सवयीनं.

बनुबाईनं एक जड आणि एक हलका उचलून दोन हातांत तोलले.

"ह्यो चांगला दिसतोय," ती जड बाणाकडं बघत म्हणाली.

"त्यो तुज्या कामठ्यावरनं लांब जायाचा न्हाई. खाली पडतोय लवकर. लय जवळ जावं लागतंय."

"मग ह्यो?"

"ह्यो जातोय लांब."

"लागंल का सांबराला?"

जोतीरामनं माळ्याकडं नजर टाकली. माळ्यापासून बांधापर्यंतचं अंतर त्यानं पाहिलं होतं. बनुबाईचा कामठा फार ताकदीचा नव्हता. एवढ्या हलक्या बाणानं, त्या बोथट टोपीनं, सांबराच्या जाड कातड्याला टोचेल, जनावर उधळेल, बाण गळून पडेल, असा त्यानं हिशेब केला. म्हणजे बहिणीचंही मन राखलं जाईल आणि जनावरही वाचेल. हा हिशेब खरा नाही, हे त्याच्या आतल्या कुणाला तरी कळत होतं. पण नाही म्हणायचं तर पुढं तासभर समजूत घालावी लागणार होती, आणि बहिणीच्या त्या डोळ्यांकडं बघत तासभर बोलायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

"टोचंल," तो म्हणाला. "मग गळून पडंल. पळवून लावाया बास हाय."

त्यानं हलक्यांतले एकसारख्या वजनाचे बाण निवडून तिला दिले. जड बाण परत पिशवीत घातले. दुसऱ्या दिवशी तो सांगलीला निघून आला.

त्यानंतर काही दिवस बरे गेले. बहिणीचा फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक असावं, असं त्यानं धरून चाललं. मग एका सकाळी, तो मैदानावर दोऱ्यांना मेण लावत असताना, फोन वाजला. बनुबाई इतक्या हळू बोलत होती, की त्याला दोनदा विचारावं लागलं.

"लागला," ती म्हणाली.

"काय झालं?"

"मादी हाय. पोटात लागला. परवाच्या संध्याकाळी. म्या म्हणलं गळून पडंल, तू म्हणला हुतास तसं. त्यो तसाच हाय आत. निम्मा भाईर दिसतोय. ती पळाली, आन् काल परत आली. वढ्याला उबी हाय, जोती. पाणी पिती आन् तितंच उबी ऱ्हाती. पडत बी न्हाई, जात बी न्हाई."

त्यानं मेणाचा गोळा खाली ठेवला.

"गहू खात न्हाई ती," बनुबाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

त्या दुपारी त्यानं कपाटातून चिव्याच्या जड काड्या काढल्या. त्यातली सगळ्यांत सरळ एक निवडली. जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा घासून त्यानं पानाच्या आकाराचा फाळ केला, काडीच्या टोकाला चीर पाडून बसवला आणि तातेच्या दोरीनं आवळला. काट्यावर ठेवला. बहिणीला दिलेल्या बाणाच्या दुपटीहून जास्त भरला. मैदानातल्या लहान धनुष्यावरून तो सुटायचा नाही, म्हणून त्यानं स्वतःचा जुना कामठा घेतला. कितीतरी दिवसांत त्याला हात लावला नव्हता. दोरी चढवतानाच खांद्यातून कळ निघाली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

घरी शालूबाईनं कामठा पाहिला.

"कुठं निघालाय?"

"आक्काकडं."

"ते कशाला घेतलंय?"

त्यानं सांगितलं. सगळं, थोडक्यात. शालूबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"तुमाला हात वर करून सदरा घालता येत न्हाई," ती म्हणाली. "आन् कुनी बगितलं म्हंजे?"

"बगू दे."

"मग दुसऱ्या कुनाला सांगा की."

"कुनाला सांगू? बाण मी दिला न्हवं?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मग तिनं भाकरी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी तो वाडीत पोचला तेव्हा दुपार कलत होती. बनुबाई ओढ्याकडंच्या बांधावर उभी होती. तिनं बोट केलं. ओढ्याच्या पलीकडं कारवीच्या दाटीत मादी बसली होती. मान वर, कान ताठ. लांबून पाहिलं तर रवंथ करत बसलेली गाय वाटावी. तिची डावी बाजू दिसत होती. बरगड्यांच्या मागं बांबूची काडी बाहेर आलेली, तिला अजून दोन पिसं. भोवतालचे केस काळे आणि चिकट झाले होते, आणि त्यावर माशांचा गोळा.

जोतीरामनं ती पिसं ओळखली. त्यानंच चिकटवली होती.

"म्या काडाया गेले काल," बनुबाई म्हणाली. "जरा लांब सरकली आन् परत बसली. माज्याकडं बगत हुती." तिनं पदर तोंडाला लावला. "तू म्हणला हुतास गळून पडंल."

"म्हणलो हुतो."

"तुला ठावं हुतं?"

त्यानं पिशवीतून जड बाण काढला. 

जड बाणानं लांबून नेम धरणं शक्य नव्हतं. तो ओढ्यात उतरला. पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडं चढताना हाताला धरायला कारवीच्या काड्या होत्या, त्या मोडायच्या आणि आवाज व्हायचा. प्रत्येक आवाजाला मादी कान वळवायची. पण उठायची नाही. उठायची ताकद राहिलेली नव्हती. तो इतका जवळ गेला की तिच्या नाकपुड्या हलताना दिसल्या, आणि जखमेचा वास आला. फौजेत त्यानं माणसांच्या जखमा पाहिल्या होत्या. तो वास तोच होता.

त्यानं बाण दोरीवर चढवला आणि ओढला. हात हनुवटीपर्यंत यायच्या आधीच खांदा सुटल्यासारखा झाला आणि दोरी परत गेली. बाण पायाशी पडला. मादीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तो वाकला, बाण उचलला, फाळाला लागलेली माती अंगठ्यानं पुसली.

"जोती," मागून बनुबाई म्हणाली. तीही ओढा ओलांडून आली होती, गुडघे धरत. "आन हिकडं. मी मारती."

"तुज्यानं वडायचा न्हाई ह्यो."

"तुज्यानं तरी कुटं वडतोय?"

"गप ऱ्हा आक्का. मागं हो."

तो गुडघ्यावर बसला. कामठा थोडा आडवा धरला, म्हणजे कोपर वर उचलावं लागणार नाही. या वेळी त्यानं दात आवळले आणि हातानं नाही, सगळ्या पाठीनं ओढलं. धरून ठेवायला वेळ नव्हताच. पुढच्या पायाच्या मागं, खाली, एवढंच त्यानं पाहिलं आणि सोडलं.

दोरीचा आवाजही फारसा झाला नाही. बाण पिसांपर्यंत आत गेला. मादी एकदम उठून उभी राहिली, दोन उड्या मारून उतारावर गेली आणि तिथं पुढच्या पायांवर बसल्यासारखी झाली. मग आडवी झाली. पाय थोडा वेळ हलले. थांबले.

जोतीराम तिथंच बसून राहिला. त्याचा उजवा हात मांडीवर उलटा पडला होता आणि त्याला तो उचलता येत नव्हता. बनुबाई जवळ जाऊन मादीच्या मानेवर हात ठेवून बसली. तिच्या तोंडातून रडण्याचा आवाज येत नव्हता, फक्त खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हितंच पुरू. कुदळ आनती. कोन येत न्हाई हिकडं."

"तुज्याच्यानं खड्डा व्हायचा न्हाई आन् माज्याच्यानं बी न्हाई."

"मग तशीच ऱ्हाऊ दे. कोल्ही खातील."

जोतीरामनं डाव्या हातानं खिशातला फोन काढला. मेढ्याकडंच्या या बाजूच्या वनरक्षक म्हणून स्वप्नाली नावाची एक तरुण बाई होती. पंचनाम्याच्या वेळी तिनं बनुबाईला नंबर दिला होता आणि बनुबाईनं तो भावालाही देऊन ठेवला होता.

"कुनाला लावतुयास?" बनुबाई उठून उभी राहिली. "जोती! कुनी बगितलं न्हाई. एका मानसानं न्हाई बगितलं."

"माहीत हाय."

"मग?"

"आज पुरली तर उद्या रगात पुसावं लागंल, परवा कुनी इचारलं तर खोटं बोलावं लागंल. मग ते ध्यानात ठेवावं लागंल. माज्यानं आता न्हाई व्हायाचं आक्का. लय दमलोय मी."

त्यानं फोन लावला.

स्वप्नाली दुसऱ्या एका कर्मचाऱ्याला घेऊन मोटारसायकलवरून आली. पुढचा चढ पायी चढून आल्यानं तिला धाप लागली होती. दिवसभर कुठंतरी वणव्याच्या कामावर असावी. गणवेशावर राख होती. तिनं मादी पाहिली, दोन्ही बाण पाहिले, फोटो काढले. मग दगडावर बसली.

"हा पहिला कधीचा?"

बनुबाईनं सांगितलं.

"आणि हा आत्ताचा." तिनं जोतीरामकडं पाहिलं. "हवालदार ना तुम्ही? आवं, जखमी जनावर दिसलं तर आमाला का न्हाई बोलावलं? डॉक्टर आणला असता. बेशुद्ध करून बाण काढतात."

जोतीरामनं तिच्याकडं पाहिलं. हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. सांगलीहून इथपर्यंत, सबंध रस्ता, त्याच्या डोक्यात फक्त एकच होतं, की हलक्या बाणानं केलेलं जड बाणानं निस्तरायचं.

"वाचली असती?" त्यानं विचारलं.

"ते मी कसं सांगू?" स्वप्नाली म्हणाली. पुढं शवविच्छेदनाला आलेल्या डॉक्टरलाही त्यानं तेच विचारलं. पोटात पू झाला होता, डॉक्टर म्हणाला. कदाचित वाचली असती, कदाचित नसती. त्याहून जास्त कुणी त्याला कधी सांगू शकलं नाही.

"बाण कुणी मारले?" स्वप्नालीनं विचारलं.

"दोन्ही माजं हायत," जोतीराम म्हणाला.

"खोटं बोलतुया," बनुबाई म्हणाली. "पयला मी सोडला. माळ्यावनं."

"बाण मी करून दिला. तिला काय कळतंय?"

"मला कळत न्हाई व्हय? नेम कुनाचा हुता? बाई, तुमी माजं नाव लिवा."

"आक्का, गप बस."

"तू गप बस. आयुष्यभर तूच एकटा समदं उचलनार व्हय? मी काय मेले का?"

स्वप्नालीनं दोघांचं ऐकून घेतलं. तिनं डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं. "दोघांचंही सांगते साहेबांना," ती म्हणाली. "चला आता. अंधार पडायच्या आत खाली जाऊ. मावशी, तुमाला चालवल का?"

बनुबाईला चालवेना. उताराला तिचा एक हात स्वप्नालीच्या खांद्यावर होता. गुन्हेगार आणि पकडणारी अशा दोघी एकमेकींना सावरत खाली उतरल्या, आणि मागून जोतीराम, एक हात लोंबत.

पुढं जे व्हायचं ते सगळं झालं. बनुबाईला वयामुळं आणि गुडघ्यांमुळं लवकर जामीन मिळाला. जोतीरामला काही दिवस कोठडीत राहावं लागलं. तिथं त्याला गाढ झोप लागायची, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. दोन्ही कामठे, सगळे बाण आणि तो छोटा काटासुद्धा जप्त झाला. सयाजी पुण्याहून धावत आला, आईवर ओरडला, मामावर ओरडला, मग वकील शोधायला गेला. शालूबाई सांगलीहून आली ती बनुबाईच्या घरी राहिली आणि उरलेला गहू तिनंच मजूर लावून काढून घेतला. दोन पोती झाला.

मैदानावरच्या लोकांनी जोतीरामला वाईट शब्द वापरला नाही. सध्या येऊ नका, एवढंच म्हणाले. तिथं धनुष्याशी खेळणाऱ्या मुलांचे आईबाप असतात, त्यांना काय सांगायचं, हे त्यालाही पटलं. सांगलीतली खोली सोडून तो आणि शालूबाई वाडीवरच येऊन राहिले. तारखेला मेढ्याला जावं लागायचं, आणि बनुबाईला एकटीला सोडायचं नाही, असं शालूबाईनंच ठरवलं होतं. सयाजीनं आईला पुण्याला चल म्हणून पाहिलं. ती गेली आणि महिन्याभरात परत आली. तिथं झोप येत नाही म्हणाली.

पावसाच्या तोंडावर जोतीराम सांगलीच्या बाजारातून हळदीचं बेणं घेऊन आला. हळदीला सांबर तोंड लावत नाही. डुकरं उकरतात, पण खात नाहीत. वरच्या तुकड्यात तिघांनी मिळून ती लावली. खालच्या तुकड्यात भात केला, त्याला मात्र राखण लागली. ती आता वाटून घेतली होती. एक दिवस शालूबाई, एक दिवस जोतीराम. बनुबाईला माळ्यावर चढू द्यायचं नाही, असा दोघांचा नियम होता, आणि ती तो रोज मोडायचा प्रयत्न करायची.

सांबरं येतच राहिली. एकाला लागलं की बाकीची येत नाहीत, असं जे कुणी बनुबाईला सांगितलं होतं, ते खोटं होतं. भात निसवून लोंब्या आल्या तेव्हा एका संध्याकाळी चार-पाच सांबरं बांधावर येऊन उभी राहिली. पाळी जोतीरामची होती. तो माळ्यावरून खाली उतरला, बांधाकडं चालत गेला आणि डावा हात हलवत ओरडला. ती थोडी मागं सरली, थांबली. तो आणखी चालत गेला. असं तो त्यांना ओढ्यापर्यंत घेऊन गेला. परत येऊन बसतो न बसतो तोच ती दुसऱ्या कोपऱ्यात शिरलेली. तो परत उतरला.

त्या वर्षी भात निम्मा आला. हळद बरी आली.

खटला अजून चालू आहे. तारखेच्या दिवशी बहीण-भाऊ सकाळच्या गाडीनं मेढ्याला जातात. कधी कोर्टात नाव पुकारलं जातं, कधी पुढची तारीख मिळते. स्वप्नाली भेटली तर मावशींची विचारपूस करते आणि साक्षीच्या वेळी जे पाहिलं तेच सांगणार, हेही सांगते. त्याबद्दल दोघांचीही काही तक्रार नाही.

मागच्या तारखेला वकिलांनी सुचवलं होतं, की पहिला बाण चुकून सुटला असं म्हणता येईल. बनुबाई नको म्हणाली. मग स्टँडवर येऊन दोघांनी चहा घेतला आणि वाडीकडंच्या गाडीत बसली. गाडी सुटायला वेळ होता. बनुबाई खिडकीला डोकं टेकून झोपली. ऊन तिच्या तोंडावर येत होतं, तेव्हा जोतीरामनं आपली पिशवी काचेला आडवी लावली आणि गाडी सुरू होईपर्यंत तशीच धरून बसला.